वड्यांचे कागद

मी दयेपोटी तिथे गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. मी वैतागून गेले.

तांता शहरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक संस्था आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांना तिथे फुकट लिहायला-वाचायला शिकवतात. शिकवतात म्हणजे कॉलेजच्या चार पोरी येतात, भिंतीला फुगे लावतात, टाळ्या वाजवत अक्षरांचं गाणं म्हणतात आणि निम्मा वेळ फोनवर फोटो काढतात. माझी गॅलरी बरोबर त्यांच्या खिडकीवर. छत्तीस वर्षं मुलांच्या शाळेत अरबी शिकवून मी निवृत्त झाले होते. रोज दुपारी कॉफीचा कप हातात घेऊन बसावं, तर खालून चुकीच्या क्रमाने अक्षरं ऐकू यायची. एका शनिवारी त्यांनी एक अक्षर सलग तिसऱ्यांदा गाळलं, तेव्हा मी कप ठेवला, चप्पल घातली आणि खाली गेले.

"बाई, तुम्ही स्वयंसेवक होणार?" एक पोरगी डोळे मोठे करून म्हणाली. "किती गोड!"

"गोड बिड काही नाही. खडू कुठंय?"

खडू नव्हता. दोन वर्षं वर्ग चालला होता आणि खडू नव्हता. फुगे मात्र तीन रंगांचे होते.

संस्थेच्या अध्यक्षा मादाम शाहिनाझ. नवऱ्याची फरशांची मोठी शोरूम. बाई महिन्यातून एकदा अत्तराचा घमघमाट घेऊन यायच्या आणि दारातूनच उंटावरून शेळ्या हाकून जायच्या. "हे आमचे देवदूत आहेत, तफीदाबाई," त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "यांच्याकडून आपणच शिकायचं असतं." मी म्हटलं, मग यांनाच खुर्ची द्या, आपण बाकावर बसू. त्या हसल्या. कळलं नाही की माणूस आधी हसून घेतो, तसं.

त्यांच्या देवदूतांपैकी एक होता रागेब. वय एकतीस. रोज दाढी करायचा, चोरून सिगारेट ओढायचा, आणि समोरच्या सलूनवाल्याशी भांडण झालं की अशा शिव्या द्यायचा की पोरी कानांवर हात ठेवायच्या. शब्द त्याच्या जिभेला चिकटत चिकटत यायचे, शिव्या मात्र सुट्या यायच्या. दोन वर्षांत या पोरींनी त्याला एक गाणं म्हणायला आणि हृदयाचा आकार काढायला शिकवलं होतं. मी पहिल्या दिवशी त्याला विचारलं, "तुला काय वाचायचंय?"

 हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

"कागद," तो म्हणाला.

कोणता कागद, ते त्याच्या भावाने सांगितलं. शहाता, थोरला भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्याचं तआमियाचं, म्हणजे तळलेल्या वड्यांचं दुकान. शहाताला मी सातवीत दोनदा नापास केलं होतं आणि दोन्ही वेळा योग्यच केलं होतं. रागेब त्याच दुकानात गल्ल्याशेजारी उभा राहून वडे बांधून द्यायचा. सगळ्या गल्लीत गरम वडे कागदातच बांधतात, प्लॅस्टिकमध्ये ते नरम पडतात. रद्दीतून आणलेले कागद असतात, जुनी वर्तमानपत्रं, शाळेतल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका, कुणाकुणाच्या वह्या.

"बाई, याने माझं वाटोळं केलंय," शहाता म्हणाला. "आई मरताना याला सांगून गेली, लिहिलेला कागद पायदळी येऊ द्यायचा नाही, त्यात देवाचं नाव असेल. आता याला वाचता येत नाही ना! म्हणून हा प्रत्येक कागद उचलतो, त्याचा मुका घेतो, कपाळाला लावतो आणि भिंतीच्या फटीत खोचतो. गिऱ्हाइकं रांगेत, वडे थंड, आणि साहेब कागदाचे मुके घेतायत!"

"बरोबरच करतो."

"बरोबर करतो, बाई, पण मी वडे कशात देऊ? माझ्या तळहातावर?" तो जवळ आला. "याला फक्त तेवढा एक शब्द ओळखायला शिकवा. अल्लाह. तो असला तर बाजूला, नसला तर बांध. बाकी काही शिकवू नका. नाहीतर मला याला वर घरी बसवावं लागेल."

वर घरी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तिसरा मजला, एक खोली, टीव्ही, आणि शहाताची बायको, जी रागेबच्या ताटातला चमचासुद्धा वेगळा ठेवायची. खाली दुकानात मात्र रागेब राजा होता. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला तिळाची चटणी जास्त लागते, कुणाचा नवरा पळून गेलाय म्हणून तिला दोन वडे जास्त द्यायचे, सगळं त्याच्या डोक्यात. सकाळी सात वाजता अख्खी गल्ली त्याचं नाव घेऊन हाक मारायची. ती जागा गेली तर त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

मी शिकवायला घेतलं. गाणं बंद, टाळ्या बंद. पाटी आणि खडू मी माझ्या घरून नेले. चुकला की मी म्हणायचे, "चूक. पुन्हा." पोरी कुजबुजायच्या, किती कडक, तो बिचारा आहे ना. मी तो बिचारा आहे असं एकदाही समजले नाही. इतर मुलांवर ओरडले तशीच त्याच्यावरही ओरडले, हाच काय तो माझा चांगुलपणा. तो चिडायचा, खडू फेकायचा, एकदा मला सलूनवाल्याची शिवीही दिली. मी म्हटलं, ही लिहून दाखव. त्याला हसू आलं आणि तो परत बसला.

पाच महिने लागले. पाच महिन्यांनी एका मंगळवारी त्याने वर्तमानपत्राच्या पानावर बोट फिरवत आणलं, एका जागी थांबला, आणि म्हणाला, "इथे." मग उरलेलं पान नीट बघून म्हणाला, "इथे नाही. इथे नाही. इथे नाही." दोन्ही उत्तरं बरोबर होती. छत्तीस वर्षांत माझ्या वर्गातून न्यायाधीश झाले, डॉक्टर झाले, एक तर टीव्हीवर बातम्या देतो, पण त्या दिवशी मी वर जाऊन जशी रडले तशी त्यांच्यापैकी कुणासाठी रडले नव्हते. ते मी कुणाला सांगितलं नाही.

दुकान सुरळीत झालं. रागेब कागद उचलायचा, वरून खाली नजर टाकायचा, असला तर मुका आणि फळीवर, नसला तर वडे आत. दहा कागदांत एखादाच निघायचा. शहाताने मला वड्यांची परात पाठवली आणि निरोप दिला: बास, आता पुढे शिकवू नका.

इथे मी माती खाल्ली. एवढ्यावर थांबेन तर मी शिक्षिका कसली! सातवीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस मला सांगणार, काय शिकवायचं आणि काय नाही? मी पुढचं घेतलं. सगळी अक्षरं, मग छोटे शब्द, मग नावं. माणूस नावं लवकर वाचायला शिकतो, हा माझा अनुभव आहे, कारण नावामागे चेहरा असतो. वर्षभरात रागेब दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. अडखळत, बोट ठेवून, पण वाचायला लागला. मला माझाच अभिमान वाटायचा, इतका की त्याच्या आईने त्याला आणखी काय शिकवून ठेवलं असेल, हे मी एकदाही विचारलं नाही.

तिने त्याच्याकडून देवाची नव्याण्णव नावं पाठ करून घेतली होती. जपमाळेवर, लहानपणापासून, रोज झोपताना. सगळी, क्रमाने, एकही न चुकता.

पुढचं सांगायला नको. एका सकाळी रागेबने एक उत्तरपत्रिका उचलली आणि वरचं नाव वाचलं: करीम. थांबला. पुढची उचलली: अब्दुल-अझीझ. पुढची: नूर. मग हकीम, मग रहीम. एक पान प्लंबरच्या जाहिरातीचं होतं, तो प्लंबरही रशीद निघाला. आमच्या देशात कागदाचा एक तुकडा काढून दाखवा, ज्याच्यावर देवाच्या नव्याण्णवांपैकी एखादं, कुणी आपल्या पोराला दिलेलं, नाव नाही! दुपारपर्यंत फळी भरली, तेलाच्या डब्यांवर गठ्ठे चढले आणि वड्यांना कागद उरला नाही.

शहाता धापा टाकत माझ्या दारात आला. "बाई, भीक नको पण कुत्रं आवर! आधी दहात एक जायचा, आता दहाच्या दहा जातात!"

मी दुकानात गेले. "रागेब, हा करीम म्हणजे शाळेतला एक पोरगा आहे. देव नव्हे."

"नाव कुणाचं?" त्याने विचारलं.

"पोराचं."

"आधी कुणाचं?"

 वर्गात असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शेवटी मी मशिदीच्या शेखांकडे गेले. जाडे, आळशी, पण वाचलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं, दाढीवरून हात फिरवला. "माणसाचं नाव असेल तर त्याला तो नियम लागू नाही," ते म्हणाले. "पण आदराने बाजूला ठेवणारा चुकतो, असंही कुठे लिहिलेलं नाही. पोरगा बरोबर आहे, तफीदाबाई." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "फक्त त्याला तसं सांगू नका."

वा रे पंडित!

मी शहाताला म्हटलं, कोरे कागद वापर, मी आणून देते. "आज तुम्ही द्याल," तो म्हणाला. "उद्या? परवा? आणि अख्खी गल्ली छापील कागदात बांधते, मीच काय तो नवाब?" दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या भावाला गल्ल्याशेजारी उभं केलं आणि रागेबला वर पाठवलं.

तीन दिवस मी रागेबला पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मी तीन मजले चढून गेले. टीव्ही चालू होता आणि रागेब त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. दाढी वाढलेली. शर्ट तोच, तीन दिवसांचा. खालून कुणीतरी "दोन पुड्या, तिखट जास्त!" असं ओरडलं आणि त्याचे हात मांडीवर हलले. बांधायला लागले. नुसतेच, हवेत.

"जेवत नाही," वहिनी दारातून म्हणाली. "मी काय भरवत बसू का?"

त्या बाईला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण जिना उतरताना मी ठरवलं होतं. शहाताला म्हटलं, मेव्हण्याला बाजूला कर, याला उभा कर, मी बघते. रागेबला खाली आणलं. तो आपल्या जागेवर उभा राहिला, गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्याला हाक मारली, त्याचा चेहरा फुलला. शहाताने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. पहिलीच उत्तरपत्रिका.

रागेबने बोट ठेवलं. "क... री... म." आणि मुका घेण्यासाठी कागद ओठांकडे नेला.

"चूक," मी म्हणाले.

तो थांबला. माझ्या तोंडून हा शब्द त्याने शेकडो वेळा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी तो खरा होता. त्याने पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा वाचलं, आणखी सावकाश. "क. री. म. बाई, बघा."

"बघितलं. चूक."

"मग काय लिहिलंय?"

 दुसरं कुठलं नाव सांगितलं असतं तर तेही त्याने अक्षर लावून पाहिलं असतं. मी शिकवलंच होतं तसं. म्हणून मी म्हणाले, "काही नाही लिहिलेलं. नुसत्या रेघा आहेत."

 मग त्याने दुसरा उचलला. "हे?" रेघा. तिसरा. "हे पण?" रेघा. मागे वडे तेलात तडतडत होते, शहाता झारा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. चौथा कागद वर्तमानपत्राचा. त्यावर तो शब्द होता, पहिला, पाच महिन्यांचा. रागेबने बोट त्याच्याखाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हा एक तरी खरा म्हणा, असं ते डोळे म्हणत होते.

हा खरा म्हटला असता तर बाकीचेही खरे झाले असते. मी नमाज पढणारी बाई आहे. "रेघा," मी म्हणाले.

रागेबने मान हलवली. "म्हणजे मला येत नाही," तो म्हणाला, रागावून नव्हे, तर शेवटचा निकाल लागल्यासारखा. आणि त्याने त्या कागदात सहा वडे टाकले, दोन्ही कडा मुडपल्या, वर मिरची ठेवली आणि पुडी पुढे केली. त्याचे हात पूर्वीसारखेच चपळ होते. गिऱ्हाईक म्हणालं, "रागेब आला रे!" आणि गल्ली पुन्हा सुरू झाली.

"बाई, तुम्ही म्हणजे तुम्हीच!" शहाता म्हणाला. त्याचा हात माझ्या खांद्यावर पडायच्या आत मी बाहेर पडले. त्याला नापास केलं ते बरोबरच होतं, आणि तो दिवस त्याच्या नव्हे, माझ्या नापास होण्याचा होता.

पुढच्या मंगळवारी रागेब वर्गाला आला. पाटी समोर ठेवली तर त्याने ती पालथी घातली आणि पोरींकडे जाऊन बसला, हृदयाचे आकार काढत. मी रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागवायचं?

एकवीस मार्चला, डाउन सिंड्रोमच्या जागतिक दिवशी, संस्थेचा समारंभ होता. आमच्याकडे त्याच दिवशी आयांचाही दिवस असतो, म्हणून पुढच्या रांगेत हातात गुलाब धरून आया बसलेल्या, आणि रागेबच्या आईच्या जागी शहाता, नवा कोट घालून. मागे फुगे. फरशांच्या शोरूमचं भलं मोठं नाव. मादाम शाहिनाझनी माईक धरला आणि सांगितलं की तफीदाबाईंच्या निःस्वार्थ सेवेने एक चमत्कार घडलाय, आमचा एक देवदूत वाचायला शिकलाय. मी त्यांना आधी सांगितलं होतं, याला पुढे आणू नका. त्या म्हणाल्या होत्या, अहो, फोटोग्राफर बोलावलाय.

रागेब पुढे आला. दाढी केलेली, केस चापून बसवलेले. मादामने फळा त्याच्याकडे वळवला. त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द होता, त्याचं स्वतःचं नाव. ते तो काही महिन्यांपूर्वी डोळे मिटूनही लिहायचा.

"वाच, राजा," मादाम लाडाने म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

रागेब फळ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. पहिलं अक्षर, दुसरं. ते त्याला येत होतं, पहिल्या रांगेतून मला स्पष्ट दिसत होतं. मग त्याने मान वळवून मला शोधलं आणि माझ्याकडे बघतच, माईकमध्ये, नीट, एकेक शब्द सुटा करून म्हणाला:

"रेघा आहेत."

मला उठायचं होतं. तू बरोबर आहेस, सगळं बरोबर होतं, पहिल्या कागदापासून, हे एवढंच ओरडायचं होतं. पण शेजारच्या खुर्चीत शहाता बसला होता आणि सकाळी सात वाजता दुकान उघडणार होतं.

कुणी काही ऐकलं नव्हतं. ऐकायला आलं होतं कोण? सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं, आया डोळे पुसायला लागल्या, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला, मादाम शाहिनाझनी रागेबला मिठी मारली. रागेब मात्र अजून माझ्याकडेच बघत होता, उत्तर बरोबर आलं की चूक, ते कळायची वाट बघत.

मीही टाळ्या वाजवल्या.